सशर्त आधार : गरोदर व बाळंत स्त्रीच्या मानसिक स्वास्थ्याचा महाराष्ट्र व गोव्याच्या संदर्भातील ऐतिहासिक मागोवा (१८६३ ते २०२२)

सारांश

गरोदरपण व बाळंतपण या काळातील मानसिक स्वास्थ्याचा प्रश्न हा आधुनिक मानसोपचारशास्त्राने अलीकडे उपस्थित केलेला प्रश्न आहे, असा एक समज आढळतो. प्रस्तुत शोधनिबंधात या समजाची ऐतिहासिक अंगाने तपासणी केली आहे. मराठी समाजात गर्भिणी व बाळंतिणीला आधार देण्याची परंपरा समृद्ध होती; परंतु हा आधार विवाह, माहेरची ऐपत आणि पुत्रजन्म अशा अटींशी बांधलेला होता. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाने यांतील सर्वात कठोर अट प्रथम मोडली. त्यानंतरच्या दीडशे वर्षांतील कायदे, संस्था व वैद्यकीय संशोधन यांचा इतिहास हा याच अटी हळूहळू सैल होण्याचा इतिहास आहे, असे प्रतिपादन या निबंधात केले आहे.

बीजसंज्ञा : बालहत्या प्रतिबंधक गृह, विधवा, बाळंतपण, प्रसूतिपश्चात नैराश्य, प्रसूती लाभ, गर्भपात कायदा, गोवा.

१. प्रस्तावना

स्त्रीच्या आयुष्यात गरोदरपण आणि बाळंतपण हा शारीरिक स्थित्यंतराइतकाच मानसिक स्थित्यंतराचाही काळ असतो. फ्रेंच वैद्य लुई-व्हिक्टर मार्से याने १८५८ मध्ये पॅरिस येथे गर्भवती, नवप्रसूत आणि स्तनदा स्त्रियांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. या विषयावरील हा आधुनिक वैद्यकातील पहिला मोठा ग्रंथ मानला जातो. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी पुण्यात एका विधवेच्या खटल्यातून बालहत्या प्रतिबंधक गृहाचा जन्म झाला. या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नाही. पॅरिसमधील वैद्याने रोगाचे वर्णन केले, तर पुण्यातील समाजसुधारक दांपत्याने रोगाचे नाव न घेता त्यामागील सामाजिक कारणावर बोट ठेवले. मराठी मुलखापुरता विचार करता, या प्रश्नाचा इतिहास रुग्णालयाच्या दारापासून न सुरू होता एका घराच्या दारापासून सुरू होतो, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

(१) मराठी समाजातील गर्भिणी व बाळंतिणीला मिळणाऱ्या पारंपरिक आधाराचे स्वरूप आणि मर्यादा स्पष्ट करणे.

(२) एकोणिसाव्या शतकातील बालहत्येच्या खटल्यांचा व त्यांवरील सुधारकांच्या प्रतिसादाचा आईच्या मनःस्थितीच्या दृष्टीने पुनर्विचार करणे.

(३) विसाव्या व एकविसाव्या शतकातील कायदे व संशोधन यांचा या वारशाशी असलेला संबंध तपासणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. येथे पद्धतीविषयक एक सावधगिरी नमूद करणे गरजेचे आहे. एकोणिसाव्या शतकातील एखाद्या स्त्रीला आजच्या वैद्यकीय परिभाषेतील रोगाचे नाव चिकटविणे अनैतिहासिक ठरेल. न्यायालयात उभ्या राहिलेल्या विधवेला प्रसूतिपश्चात मनोविकार होता किंवा नव्हता, हे ठरविणे इतिहासकाराचे काम नव्हे. तिच्यावर कोणते भय होते, तिला कोण विचारणारे होते आणि कोण नव्हते, हे मात्र साधनांच्या आधारे सांगता येते. हा निबंध तेवढ्याच मर्यादेत राहतो.

३. परंपरेतील आधार आणि त्याच्या अटी

गर्भिणीच्या मनाचा विचार भारतीय परंपरेला अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात गर्भ टिकवून ठेवणाऱ्या गोष्टींमध्ये सौमनस्याला, म्हणजे मनाच्या प्रसन्नतेला, श्रेष्ठ स्थान दिले आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीला दोन हृदयांची स्त्री मानून तिच्या इच्छा पुरविण्याचा उपदेश आहे. मराठीतील ‘डोहाळे’ हा शब्द याच दोहदाच्या कल्पनेतून आला. डोहाळजेवण, ओटी भरणे, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी नेणे, सव्वा महिन्याची विश्रांती, अंगाला तेल, शेक-शेगडी, अळीव व डिंकाचे लाडू, पाचवीचे पूजन आणि बारसे या सर्व प्रथांमधून एक गोष्ट स्पष्ट होते. बाळंतिणीला एकटे सोडू नये, तिच्याभोवती अनुभवी स्त्रियांचा वावर असावा, तिला घरकामातून सूट असावी, हे समाजाने जाणले होते.

तथापि या आधाराचे गौरवीकरण करताना त्याच्या अटींकडे दुर्लक्ष होता कामा नये. पहिली अट विवाहाची होती. डोहाळजेवण सवाष्णीचे, विधवेला गरोदरपण असूच शकत नव्हते, आणि असलेच तर ते लपविण्याची गोष्ट होती. दुसरी अट माहेरच्या ऐपतीची होती. सव्वा महिना खाटेवर राहणे हे शेतावर, गिरणीत किंवा दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या स्त्रीला परवडणारे नव्हते. तिसरी अट पुत्रजन्माची होती. मुलगी झाली असता त्याच घरातील, त्याच बाळंतिणीभोवतीचे वातावरण कसे बदलत असे, याचे वेगळे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. शिवाय सोयर आणि बाळंतिणीची अंधारी, कोंदट खोली यांमुळे विश्रांती व एकांतवास यांतील सीमारेषाही पुसट होती. थोडक्यात, आधार होता. पण तो सशर्त होता.

४. काशीबाईचा खटला आणि बालहत्या प्रतिबंधक गृह

विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाला, तरी उच्चवर्णीय समाजात त्याचा प्रत्यक्ष अवलंब अत्यल्प होता. बालविवाहामुळे कोवळ्या वयात वैधव्य आलेल्या मुली सासरी किंवा परक्या घरी स्वयंपाक-पाणी करून दिवस काढीत. अशा स्त्रियांचे लैंगिक शोषण झाल्यास त्याचे परिणाम एकट्या त्यांनाच भोगावे लागत. १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंडसंहिता अमलात आली. या संहितेनुसार स्त्रीचा जीव वाचविण्याचे कारण वगळता गर्भपात करणे गुन्हा होता. त्या स्त्रीने स्वतः केला तरी तो गुन्हाच होता. मूल जन्मल्याची गोष्ट दडविण्यासाठी त्याच्या शवाची गुप्तपणे विल्हेवाट लावणे हाही गुन्हा होता. बालहत्या तर खूनच. म्हणजे गर्भ राहिल्यापासून प्रत्येक पायरीवर विधवा गुन्हेगार ठरण्याची व्यवस्था कायद्यात होती. गर्भ ठेवणाऱ्या पुरुषाचे नाव मात्र यांपैकी कोणत्याही पायरीवर आपोआप येत नव्हते.

या पार्श्वभूमीवर पुण्यातील काशीबाई या ब्राह्मण विधवेचा खटला समजून घ्यावा लागतो. बेहरामजी मलबारी यांच्या बालविवाह व लादलेले वैधव्य या विषयांवरील टिपणांवर मत देताना महात्मा फुले यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी जे निवेदन लिहिले, त्यात या प्रकरणाची हकिगत आहे. काशीबाई ही फुले यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाचे काम करीत होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावले. गर्भ राहिल्यावर त्याच्याच सांगण्यावरून तिने गर्भ पाडण्यासाठी विषारी औषधे घेतली. ती निष्फळ ठरली. नऊ महिने भरल्यानंतर तिला मुलगा झाला. बेअब्रूच्या भीतीने तिने अर्भकाचा जीव घेतला आणि शव घरामागील विहिरीत टाकले. दोन दिवसांत तिला अटक झाली आणि पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली.

या हकिगतीत काशीबाईच्या मनःस्थितीविषयी न्यायालयाला पडावे असे अनेक प्रश्न दडलेले आहेत. नऊ महिने तिने ही गोष्ट कोणाजवळ बोलून दाखविली असेल? औषधे घेताना तिला स्वतःच्या मरणाची भीती वाटली नसेल काय? प्रसूतीच्या वेळी तिच्याजवळ कोण होते? तत्कालीन कायद्यात या प्रश्नांना जागा नव्हती. इंग्लंडमध्ये १९२२ च्या बालहत्या कायद्याने प्रथम असे मान्य केले, की प्रसूतीच्या परिणामांतून अद्याप न सावरलेल्या आईचे मानसिक संतुलन ढळलेले असू शकते आणि म्हणून नवजात अर्भकाच्या हत्येचा तिच्यापुरता वेगळा विचार व्हावा. १९३८ च्या कायद्याने ही मर्यादा बाळाच्या बारा महिन्यांच्या वयापर्यंत वाढविली. भारतीय दंडसंहितेत अशी स्वतंत्र तरतूद कधीही आली नाही.

कायद्याने जे प्रश्न विचारले नाहीत, त्यांना फुले दांपत्याने कृतीने उत्तर दिले. काशीबाईच्या खटल्याचा निकाल लागताच पुण्यात स्वतःच्याच आवारात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ब्राह्मण वस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती चिकटविण्यात आल्या. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, हे त्यांच्या मर्जीवर राहील, असा या जाहिरातींचा आशय होता. येणाऱ्या स्त्रियांची देखभाल सावित्रीबाई करीत. आजच्या परिभाषेत पाहिले तर गोपनीयता, सुरक्षित प्रसूती, दोषारोप न करणारी सोबत आणि निर्णयाचे स्वातंत्र्य ही चार तत्त्वे या व्यवस्थेत एकवटलेली दिसतात. गरोदर स्त्रीच्या मानसिक आधाराचा विचार आजही याच चार गोष्टींपासून सुरू होतो.

याच निवेदनातील एक आकडेवारी विशेष मननीय आहे. गृह सुरू झाल्यापासून १८८४ पर्यंत ३५ गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी त्या वेळी केवळ ५ हयात होती; उरलेली ३० दगावली. गर्भ लपविण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी गर्भावस्थेतच झालेली इजा हे त्याचे कारण फुले यांनी नोंदविले आहे. या आकड्यांकडे गृहाचे अपयश म्हणून पाहणे योग्य होणार नाही. गृहाचे दार उघडे होते. पण त्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वी भयाने आपले काम केलेले होते. शिवाय या ३० मृत्यूंमागे ३० माता आहेत. ज्यांना आपल्या मुलासाठी उघडपणे रडताही येणार नव्हते, अशा या माता होत्या. निवेदनात त्यांचे स्वतःचे बोल नाहीत, आहे ती केवळ संख्या. तरीही भय आणि लज्जा यांचा गर्भिणीच्या देहावर व अर्भकावर होणारा परिणाम आकड्यांत मांडणारी मराठी मुलखातील ही एक आरंभीची नोंद म्हणावी लागेल.

याच गृहात बाळंत झालेल्या एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो म्हणजे यशवंत. त्याच्या आईचे नावही काशीबाईच सांगितले जात असल्याने शिक्षा झालेली काशीबाई आणि यशवंताची आई यांत अनेकदा गल्लत केली जाते. या दोन स्त्रिया भिन्न होत. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रुग्णसेवा करीत असतानाच सावित्रीबाईंना त्या रोगाची बाधा झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

५. पंढरपूर, विजयालक्ष्मी आणि ताराबाई शिंदे

पुण्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा पंढरपूरचा आहे. तीर्थक्षेत्र असल्याने निराधार विधवा व टाकून दिलेली अर्भके यांचा प्रश्न तेथे तीव्र होता. प्रार्थना समाजाशी संबंधित न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये तेथे बालहत्या प्रतिबंधक गृह व अनाथ बालकाश्रम यांची स्थापना झाली. न्यायदानाच्या आसनावरील व्यक्तीने शिक्षेपेक्षा प्रतिबंधाचा मार्ग स्वीकारावा, ही बाब उल्लेखनीय आहे.

१८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली आणि पुढे पाच वर्षांच्या कारावासापर्यंत कमी करण्यात आली. या प्रकरणाच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून विधवांच्या नीतिमत्तेवर जो गदारोळ उठला, त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकाने उत्तर दिले. ताराबाईंच्या मांडणीचा गाभा असा, की ज्या दोषांसाठी स्त्रीला बोल लावला जातो ते पुरुषांत अधिक आहेत आणि स्त्रीच्या पतनास पुरुषच कारण होतो. बालहत्येच्या चर्चेत अनुपस्थित असलेल्या पित्याला ताराबाईंनी प्रथमच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. फुले यांनी गर्भिणीसाठी घर उघडले. ताराबाईंनी तिच्या बाजूने युक्तिवाद उघडला.

६. दवाखाना आणि गिरणी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी विकसित झाली. ती म्हणजे वैद्यकाची. डॉ. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांतच दगावला. या अनुभवाने त्यांची वैद्यकीय शिक्षणाची इच्छा दृढ झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८८६ मध्ये पेनसिल्व्हानिया येथील स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय प्रबंधासाठी निवडला. पोटच्या अर्भकाचा वियोग सोसलेल्या आईने त्या दुःखाचे रूपांतर अभ्यासात केल्याचे हे विलक्षण उदाहरण आहे. त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया व बालकांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सेवासदनाने परिचारिकांच्या शिक्षणाला चालना दिली. या सर्व प्रयत्नांचा भर माता व अर्भक यांचा जीव वाचविण्यावर होता, आणि त्या काळातील मृत्यूंचे प्रमाण पाहता तो स्वाभाविकही होता. जीव वाचल्यावर मनाचे काय, हा प्रश्न मात्र पुढच्या काळावर राहिला.

परंपरेची दुसरी अट, म्हणजे ऐपतीची अट, मुंबईच्या गिरण्यांमध्ये उघडी पडली. कामावर न गेल्यास मजुरी बुडणार आणि गेल्यास बाळ दुसऱ्याच्या हवाली करावे लागणार, अशा कोंडीत गिरणी कामगार स्त्री होती. मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रसूतीपूर्वी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली. या खर्चाचा भार मुख्यतः शासनाने उचलावा, आणि तोपर्यंत स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने तो द्यावा, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा अस्तित्वात आला. या कायद्यात ‘मानसिक स्वास्थ्य’ हा शब्द नव्हता. परंतु माहेरच्या सव्वा महिन्याला जे जमत होते, ते माहेर नसलेल्या किंवा गरीब माहेर असलेल्या कामगार स्त्रीला हक्काने मिळावे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. कृपेचे हक्कात रूपांतर होणे ही या इतिहासातील दुसरी मोठी पायरी होय. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने ही रजा १२ आठवड्यांची केली आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांवर नेली. मात्र शेतमजूर, घरकामगार आणि असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य स्त्रिया या रजेच्या प्रत्यक्ष लाभापासून दूरच राहिल्या.

७. कायद्याला दिसलेले मन

गर्भिणीच्या मानसिक स्वास्थ्याचा स्पष्ट उल्लेख भारतीय कायद्यात आला तो १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात. या कायद्याची पार्श्वभूमी महाराष्ट्राशी निगडित आहे. १९६४ मध्ये केंद्र शासनाने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला. १ एप्रिल १९७२ पासून अमलात आलेल्या या कायद्याने गर्भ राहण्यामुळे स्त्रीच्या शारीरिक वा मानसिक स्वास्थ्याला गंभीर इजा होण्याचा धोका असल्यास गर्भपातास मुभा दिली. तो धोका ठरविताना स्त्रीची प्रत्यक्ष परिस्थिती विचारात घेता येईल, असेही नमूद केले. बलात्कारातून राहिलेल्या गर्भामुळे होणारा मनस्ताप ही मानसिक स्वास्थ्याला झालेली गंभीर इजाच समजावी, असे कायद्याने म्हटले. काशीबाईच्या खटल्यानंतर शतकाहून अधिक काळाने कायद्याला गर्भिणीचे मन दिसले.

परंतु येथेही जुनी अट कायम राहिली. गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरल्याने होणाऱ्या मनस्तापाची दखल घेताना १९७१ च्या कायद्याने ‘विवाहित स्त्री अथवा तिचा पती’ असे शब्द वापरले. अविवाहित किंवा विधवा स्त्रीचा तोच मनस्ताप कायद्याच्या शब्दांत बसत नव्हता. २०२१ च्या दुरुस्तीने पतीऐवजी जोडीदार असा शब्द आला. त्याच वर्षीच्या नियमांत २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपातास पात्र असलेल्या स्त्रियांमध्ये, गरोदरपणात वैधव्य वा घटस्फोट आलेल्या स्त्रियांचा स्पष्ट समावेश झाला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही हा अधिकार नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. विधवेच्या गरोदरपणाचा प्रश्न १८६३ मध्ये एका खाजगी घराच्या आवारात हाताळला गेला होता. तो कायद्याच्या भाषेत स्पष्टपणे येण्यास सुमारे १५८ वर्षे लागली.

प्रसूतीनंतरच्या काळाबाबतही एक तरतूद महत्त्वाची आहे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या तीन वर्षांखालील बालकाला सामान्यतः तिच्यापासून वेगळे करता येत नाही. आई व बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करण्याचा प्रयोग इंग्लंडमध्ये कॅसल रुग्णालयात टॉमस मेन यांनी १९४८ मध्ये केला होता. भारतात बेंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत २००९ मध्ये असा माता-बाल विभाग सुरू झाला. मनाने आजारी पडलेल्या आईला अपात्र न ठरविता तिचे मातृत्व टिकवून उपचार करावेत, हा विचार यामागे आहे.

८. गोव्यातील अभ्यास : जुन्या अटींचा नवा पुरावा

परंपरेतील आधाराच्या अटी आजही कार्यरत आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर गोव्यातील एका अभ्यासाने दिले. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी केलेला हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हापसा येथील रुग्णालयात गरोदरपणाच्या अखेरच्या टप्प्यातील २७० स्त्रियांची नोंद करून त्यांचा प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी व सहा महिन्यांनी पाठपुरावा करण्यात आला. यासाठी १९८७ मध्ये एडिंबरा येथे तयार झालेल्या दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीचा कोकणी अनुवाद वापरण्यात आला. सहा ते आठ आठवड्यांच्या टप्प्यावर ५९ माता, म्हणजे २३ टक्के, नैराश्याने ग्रस्त आढळल्या. त्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांना गरोदरपणातच लक्षणीय मानसिक त्रास होता. निम्म्याहून अधिक स्त्रिया सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या.

इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाची वाटावी अशी बाब म्हणजे या अभ्यासात आढळलेली कारणे. आर्थिक ओढाताण आणि पतीशी असलेले बिघडलेले संबंध ही नैराश्य उद्भवण्याची व लांबण्याची प्रमुख कारणे ठरली. अपत्याचे लिंग हाही एक निर्णायक घटक ठरला. नवऱ्याची मारहाण व उपासमार यांसारख्या घटकांचा परिणाम अपत्य मुलगा की मुलगी यावरून बदलत असल्याचे दिसून आले. विवाहसंबंध, ऐपत आणि पुत्रजन्म या परंपरेतील आधाराच्या तीनही अटी एकविसाव्या शतकातील वैद्यकीय अभ्यासात आजाराची कारणे म्हणून पुढे आल्या, हा योगायोग नव्हे. ज्या अटींवर आधार मिळत होता, त्या पूर्ण न झाल्यास आधार काढून घेतला जातो, आणि आधार काढून घेतल्याची किंमत आईचे मन चुकविते.

गोव्यातच पुढे या संदर्भात उपाययोजनेचाही प्रयोग झाला. वस्तीतीलच सामान्य स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘सखी’ म्हणून नैराश्यग्रस्त गर्भवतींच्या घरी पाठविण्याचा हा उपक्रम २८० स्त्रियांमध्ये तपासण्यात आला व त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्या स्त्रियांचे प्रमाण सखीची सोबत मिळालेल्या गटात ७३ टक्के, तर दुसऱ्या गटात ६० टक्के होते. लक्षणांच्या एकूण तीव्रतेत मात्र दोन्ही गटांत स्पष्ट फरक आढळला नाही. लाभ मर्यादित असला तरी दिशा लक्षणीय आहे. येथे सखीची भूमिका माहेरच्या जाणत्या बाईसारखीच आहे. फरक इतकाच, की ती कोणाच्याही दारी जाते.

९. पिता : इतिहासातील रिकामी जागा

या संपूर्ण इतिहासात पिता दोन रूपांत दिसतो. काशीबाई व विजयालक्ष्मी यांच्या प्रकरणांत तो शिक्षेपासून सुटलेला आहे. सवाष्णीच्या बाळंतपणात तो माहेरच्या उंबऱ्याबाहेर आहे. दोन्ही ठिकाणी त्याच्याकडून अपेक्षाच नाही. डॉ. आंबेडकरांनी शासन व मालक यांना जबाबदार धरले, ताराबाईंनी पुरुषजातीला. परंतु पित्याला आधार देणारा व आधाराची गरज असणारा माणूस म्हणून पाहण्यास बराच काळ लागला. पाचव्या वेतन आयोगानंतर केंद्र शासनाच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळू लागली. खाजगी क्षेत्रातील पित्यांसाठी मात्र त्या काळात असा सार्वत्रिक कायदा झाला नाही. विविध देशांतील ४३ अभ्यासांचा २०१० मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा पत्नीच्या गरोदरपणात व प्रसूतीनंतरच्या वर्षभरात सुमारे १० टक्के पित्यांमध्ये नैराश्य आढळले. पिताही कोलमडू शकतो, हे मान्य करणे म्हणजे त्याची जबाबदारी कमी करणे नव्हे. उलट त्याला घराच्या आत आणणे होय.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) गरोदर व बाळंत स्त्रीच्या मनाची काळजी ही मराठी समाजाला नवी नाही; तथापि पारंपरिक आधार विवाह, ऐपत व पुत्रजन्म या अटींवर अवलंबून होता.

(२) १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह हे केवळ अर्भकांचे प्राण वाचविण्याचे केंद्र नव्हते. गोपनीयता, सुरक्षितता, दोषारोपविरहित सोबत व निर्णयाचे स्वातंत्र्य देणारी ती एक आधारव्यवस्था होती. १८८४ पर्यंत तेथे जन्मलेल्या ३५ पैकी ३० मुलांचे मृत्यू हे आधार उशिरा पोहोचल्यास काय घडते याचे गंभीर निदर्शक आहेत.

(३) १९२९, १९७१, २०१७ व २०२१ या वर्षांतील कायद्यांनी यांतील एकेक अट सैल केली. परंतु प्रत्येक कायद्यात जुन्या अटीचा काही अंश शिल्लक राहिला.

(४) गोव्यातील २००२ च्या अभ्यासाने याच अटी आजाराची कारणे म्हणून दाखवून दिल्या. त्यामुळे मानसिक स्वास्थ्याचा कार्यक्रम केवळ औषधोपचारापुरता मर्यादित ठेवणे अपुरे आहे. गरोदरपणातील नियमित तपासणीतच मनाची विचारपूस, आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांचे त्यासाठी प्रशिक्षण आणि पित्याचा सहभाग यांची जोड आवश्यक आहे.

महाविद्यालयीन स्तरावर इतिहास, समाजशास्त्र, मानसशास्त्र, गृहविज्ञान व विधी या विषयांच्या अध्यापनात हा धागा एकत्र गुंफता येण्यासारखा आहे. फुले यांच्या चरित्रातील बालहत्या प्रतिबंधक गृहाचा उल्लेख बहुधा समाजसुधारणेच्या यादीतील एक नोंद म्हणून शिकविला जातो. त्या गृहाच्या जाहिरातीत गर्भिणीला कोणतीही अट घातलेली नव्हती. तिने फक्त यावे, एवढेच सांगितलेले होते. वर्गात समोर बसलेल्या विद्यार्थिनींपैकी अनेक जणी येत्या काही वर्षांत माता होणार आहेत आणि विद्यार्थ्यांपैकी अनेक जण पिता. त्यांच्यापर्यंत हा इतिहास त्याच्या पूर्ण अर्थासह पोहोचणे अगत्याचे आहे.